काळी एकच्या विहिरीत

"पोरगी गुणी हाय. पन दुसऱ्या ओळीला इहिरीत पडती."

हे बेस गिटार वाजवणारे बेस मामा म्हणाले. मी स्पीकरच्या थप्पीमागे उभी होते. चहाचा कागदी कप इतका तापला होता की तो या हातातून त्या हातात करत होते. सोनईचा कार्यक्रम नुकताच संपला होता. मंडपवाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालत होती, आणि त्या खडखडाटात आपण हळू बोलतोय असं मामांना वाटत असावं.

"मला वाटलं माईकच खराब आहे," गिटार काका म्हणाले.

"तीनदा बदलला की माईक. एका पोरीपुढं तीन माईक खराब व्हत्यात व्हय?"

गिटार काकांनी हातातली वायर गुंडाळून ठेवली. बँड त्यांचा. म्हणजे सगळ्यांचाच, पण टेम्पोची किल्ली त्यांच्या खिशात असते. "मग असं करू," ते म्हणाले, "परवा कोपरगावला अण्णाला स्टेजवर खुर्ची टाकू. दुसरा माईक लावू. निम्मी गाणी तो घेईल. पुढचं पुढे बघू."

"और लडकी को बोलेगा कौन?" ड्रम काकांनी विचारलं. ते लष्करातून निवृत्त झालेले. अडचणीच्या गोष्टी हिंदीत बोलतात.

मामा खुर्च्या मोजू लागले. मग गिटार काका म्हणाले, "अण्णा बोलेल."

मी चहाचा मोठा घोट घेतला, जीभ भाजली, आणि त्या भाजण्याचा मला उपयोगच झाला. डोळ्यांत पाणी आलं त्याला निदान कारण मिळालं. 'पुढचं पुढे बघू' म्हणजे काय ते मला समजलं होतं. कोपरगावला मी पुन्हा विहिरीत पडले, तर तो माझा शेवटचा कार्यक्रम.

विहीर कुठली, ते सांगायला हवं.

हे तिघे आणि त्यांचे गायक अण्णा चर्चच्या युवक संघात असल्यापासून एकत्र वाजवतात. नगरमध्ये त्यांना ओळखत नाही असा पन्नाशीपुढचा माणूस सापडणं अवघड. त्यांची गाणी त्यांनीच केलेली आणि मराठीतली. एक उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेल्या स्कूटरचं आहे. एक लाईट गेल्यावर शेजारणीच्या घरी मेणबत्ती मागायला जाणाऱ्या पोराचं. एक फक्त 'थांबा' या शब्दावर आहे, आणि ते सगळ्यांत वेगात जातं. आमच्या घरी त्यांची कॅसेट होती. टेप बिघडल्यावरही पप्पांनी ती टाकली नाही, आणि मी त्या गाण्यांवर वाढले. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मी इंग्रजीत गप्प बसायला शिकले आणि घरी येऊन तेच मराठीत चालू ठेवलं. पण गाताना मी बुजत नाही. ते का, ते मला माहीत नाही आणि मी कधी खोदून पाहिलं नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं की घशाला आता विश्रांती द्या. ते कोपरगावला मुलीकडे राहायला गेले. तेव्हा गिटार काकांनी मला चर्चच्या क्वायरमधून उचललं. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तिथे तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यांमध्ये माझी परीक्षा झाली. काकांनी गिटार मांडीवर घेतली आणि विचारलं, "काळी एक. चालेल ना?"

गाणाऱ्याचा 'सा' हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीवर धरायचा, हे ठरवायची ही आपली साधी पद्धत. पहिली काळी पट्टी म्हणजे काळी एक. माझ्या पियानोच्या टीचर तिलाच सी शार्प म्हणायच्या. काळी एक ही पुरुषाची पट्टी. माझा आवाज काळी चारचा, बराच वर. काळी एकला गायचं तर पहिली ओळ कशीबशी जमते, दुसरी खाली उतरते आणि तिथे माझा आवाज संपतो, नुसती हवा येते. एक सप्तक वर जाऊन गावं, तर कुकरची शिट्टी. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं.

मी म्हणाले, "चालेल."

माझा अर्धा दिवस या एका शब्दावर निघतो. चहात साखर जास्त झाली, चालेल. रिक्षात चौथी बसशील का, चालेल.

आणि ती पट्टी बदलायला सांगायची तरी कशी? चर्चमधल्या लग्नात नवरीच्या आत्याला अचानक गावंसं वाटलं, की हेच तिघे डोळे मिटून आत्याला हवी ती पट्टी देतात. पण ती आत्याची गाणी. स्वतःच्या गाण्यांना ते हात लावत नाहीत. काकांच्या गिटारच्या तारा कायम अर्ध्या सुराने उतरवलेल्या असतात, त्या काळी एकसाठीच. शिवाय त्यांची एक रीत आहे. स्टेजवर चढायच्या आधी चौघांनी ड्रमच्या कातड्यावर तळहात ठेवायचा, काकांनी एक तार छेडायची आणि सगळ्यांनी तोंड मिटून तो सूर धरायचा. हीच त्यांची प्रार्थना. मी पहिल्यांदा त्या ड्रमवर हात ठेवला तेव्हा तीन म्हाताऱ्या हातांचा थरथराट माझ्या बोटांत आला, आणि मी दोन्ही डोळे घट्ट मिटले. या प्रार्थनेत, काका, जरा देव बदलता का, असं कोण म्हणणार?

तर आम्ही दौऱ्यावर निघालो. दौरा हा त्यांचाच शब्द. त्यासाठी काळे टी-शर्ट छापले होते. पाठीवर राहुरी, सोनई, कोपरगाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'महाराष्ट्र दौरा'. मी पहिल्यांदाच आपणहून काहीतरी बोलले: "काका, तिन्ही गावं आपल्याच जिल्ह्यातली आहेत." काका म्हणाले, "राज्यात सगळ्यांत मोठा जिल्हा आहे आपला. आणखी किती महाराष्ट्र पाहिजे?" टी-शर्टच्या पुढच्या बाजूला बँडची जुनी खूण होती, काळा चष्मा आणि भरघोस मिशी. अण्णांची. माझ्या अंगाला सगळ्यांत लहान मापाचा टी-शर्टही सैल व्हायचा, त्यामुळे मी चालले की मिशी हलायची.

राहुरीला विद्यार्थ्यांपुढे कार्यक्रम होता. मैदानावर सामान उतरवताना एक धोतरातले बाबा येऊन थांबले. बँड म्हटलं की आपल्याकडे आधी लग्न आठवतं. त्यांनी ड्रमकडे पाहिलं, माझ्या मिशीकडे पाहिलं आणि विचारलं, "नवरदेव कुठं हाय?"

"शोधतोय, पाहुणं," बेस मामा म्हणाले. "गावला की लगीच वाजवतो."

त्या संध्याकाळी मला एक युक्ती सुचली. दुसरी ओळ आली की माईक लोकांकडे वळवायचा. मोठे गायक करतात तसं. आधी गिटार काकांनी सगळ्यांना ओळ शिकवली होती आणि शेतकी शिकणारी ती पोरं जीव तोडून ओरडत होती. मी विहिरीच्या काठावर नुसती उभी, आत उतरणारे ते शेकडो. उसाच्या ट्रॉलीच्या गाण्यात तर मागच्या रांगेने खरोखरची ट्रॉली केली, एकमेकांच्या कमरा धरून मैदानभर. ट्रॉलीमागे एक जण एकटाच स्कूटर झाला होता आणि तोंडाने हॉर्न देत होता. मला इतकं हसू आलं की तिसरी ओळही मी त्यांनाच देऊन टाकली. टेम्पोत परतताना ड्रम काकांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "स्टाईल है लडकी में!" मी खिडकीबाहेर बघत हसत होते. वाटलं, सुटले. असाच अख्खा जन्म निघेल.

सोनईत नाही निघाला. समोर बायाबापड्या, पोरंटोरं, बाजार उरकून आलेली माणसं. सगळी मन लावून ऐकत होती, पण ओळ शिकवताना नेमका जनरेटर सुरू झाला आणि कोणाला काही ऐकूच गेलं नाही. मी माईक वळवला. शांतता. इतकी स्वच्छ शांतता की लांब कुठेतरी म्हैस ओरडली ती ऐकू आली. पहिल्या रांगेतल्या आजींनी पुढे झुकून माईकमध्ये पाहिलं. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ, माईक गेला!" मंडपवाला धावत आला, माईक बदलला. पुढच्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला मी धीर करून गायले, तर नुसती हवा. पुन्हा धावत आला. तिसऱ्यांदा माईक बदलल्यावर त्याने त्यावर फुंकर मारली, ती साऱ्या गावाला ऐकू गेली. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि मीही माईककडे संशयाने पाहिलं. लोकांना मात्र मजा आली. मंडपवाला स्टेजवर चढला की टाळ्या पडत होत्या.

आणि मग तो चहा.

मुक्कामाला आम्ही सोनईतच मामांच्या बहिणीकडे होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी ठरवलं होतं की कोपरगाव येण्याआधी सांगायचं. सोपं वाक्य होतं. मनात ते मी आधी इंग्रजीत तयार केलं, मग मराठीत आणलं, मग त्यातला 'प्लीज' काढला, कारण प्लीज म्हटलं की काका घाबरतात. मनमाड रस्त्याला लागलो. पुढे उसाचे ट्रॅक्टर, मागे आम्ही, आणि गाण्यातल्या स्कूटरसारखं काका हॉर्न देत होते.

"काका," मी म्हणाले.

काकांनी आरशात पाहिलं. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. त्यांनी ताबडतोब गाडी हळू केली. "थांबवायचं का?"

ही माणसं माझ्या पप्पांच्या वयाची. तरुण मुलगी प्रवासात लाल होऊन, खाली बघून 'काका' म्हणाली, म्हणजे तिला एकच गोष्ट हवी असणार, आणि ती तिच्या तोंडून वदवून घेणं म्हणजे असभ्यपणा. मी काही म्हणायच्या आत टेम्पो पेट्रोल पंपावर उभा होता. तिघेही विरुद्ध दिशेला तोंड करून उसाकडे पाहू लागले. मी उतरले. काय करणार? जाऊन हात धुऊन आले.

पुन्हा धीर यायला बराच रस्ता गेला. "मामा," मी या वेळी म्हणाले. मामा काही बोलले नाहीत, नुसतं काकांच्या खांद्यावर बोट टेकवलं. टेम्पो एका हॉटेलाशी थांबला. मी दुसऱ्यांदा हात धुतले. बाहेर आले तर मामा मोसंबी सोडा घेऊन उभे. "पी बाळ. बरं वाटंल."

तिसऱ्यांदा मी नुसता घसा साफ केला, आणि काकांनी ब्रेक मारला.

"मामाच्या बहिणीचा ठेचा," ड्रम काका पुढे कुजबुजले.

"माझ्या बहिनीच्या ठेच्याला काय बोलायचं न्हाई," मामा मोठ्याने म्हणाले. "फौजेत काय खाल्लंय तुमी? मी खाल्ला की तोच!"

"तुझं पोट काय पोट आहे का? सिमेंटचा हौद आहे," गिटार काका स्टिअरिंगवरून म्हणाले.

मग तिघांत ठेच्यावरून भांडण जुंपलं आणि त्यात माझं वाक्य राहून गेलं. शिर्डी मागे पडेपर्यंत माझ्या मांडीवर मोसंबी सोडा, जिरागोळ्या, एक ताकाची पिशवी आणि ओव्याची पुडी जमली होती. मी मागच्या सीटवर तोंडात ओवा धरून हसत होते, आवाज न करता, पोट दुखेपर्यंत. आता तर ते खरंच दुखत होतं.

कोपरगावला साखर कारखान्याच्या वसाहतीतलं मैदान होतं. हवेत मळीचा गोड आंबूस वास. सामान लागलं. स्टेजच्या मधोमध, माझ्या माईकशेजारी, एक लाल गादीची खुर्ची ठेवली होती आणि तिच्यापुढे दुसरा माईक. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. ड्रम काका मला चुकवत होते आणि त्यासाठी त्यांना एका खांबाभोवती दोनदा फिरावं लागलं.

अण्णा आले ते मफलर गुंडाळून, मुलीच्या हाताला धरून. मिशी पांढरी झालेली, पण टी-शर्टवरचीच. त्यांनी माझ्या टी-शर्टकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुला जास्त शोभते." मग मुलीला म्हणाले, "तू जाऊन बस पुढं. आम्ही दोघं गायक जरा बोलतो."

आम्ही स्टेजमागे दोन उलट्या बादल्यांवर बसलो. मला वाटलं, आता हे सांगणार, बाळ, तू चांगली गातेस, पण. मी दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसले.

"पोट कसंय?" अण्णांनी विचारलं.

"बरं आहे."

"त्यांनी मला दोनदा फोन केला, पोरीला काहीतरी हलकं सांगून ठेव म्हणून. मुलीनं मऊ भात टाकलाय." ते जरा थांबले. "मला गायचं नाहीये गं. घसा दुखतो. मला समोर नातवाशेजारी बसून भेळ खायचीय. पण त्यांना काय सांगू? काका म्हणाला खुर्ची टाकतो, मी म्हणालो, चालेल."

मी मान वर केली.

"आयुष्यभर हेच केलं. ती काळी एक माझी कुठं होती? माझा आवाज त्याहून जरा वरचा. पण तेव्हा काकाच्या गिटारची बारीक तार सारखी तुटायची. नवी आणायची तर कोणीतरी पुण्याला जायला हवं. मग त्यानं सगळ्याच तारा सैल केल्या. म्हणाला, अण्णा, काळी एकला जमेल ना? मी म्हणालो, चालेल. तिथून ती आमची पट्टी झाली. आता त्यावर हात ठेवून प्रार्थना करतात येडे."

मला काय झालं कोण जाणे. पोटातून एक फुगा वर येतोय असं वाटलं आणि मी मोठ्याने हसले. इतक्या मोठ्याने की मंडपाच्या कापडाआडून मामांचं डोकं डोकावलं, मला बघितलं आणि परत गेलं. एका तुटक्या तारेची विहीर! त्यात आधी अण्णा उतरले, मग मी, आणि वरून सगळे विचारतायत माईक खराब आहे का. अण्णाही हसायला लागले, खोकायला लागले, मी त्यांना पिशवीतलं ताक दिलं.

"तुझी पट्टी कोणती?" असं त्यांनी विचारलं नाही. ते त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. ते ताक पीत भेळेची गाडी कुठे लागली आहे ते बघत होते.

मग हाक आली. आम्ही पाचही जणांनी ड्रमवर हात ठेवला. काकांनी तार छेडली. सगळ्यांनी सूर धरला. माझं तोंड मिटलेलं होतं, पण मी काहीच गुणगुणत नव्हते. हसू दाबण्यातच माझा सगळा श्वास गेला.

अण्णा स्टेजवर दिसताच लोकांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. ते हात जोडून खुर्चीवर बसले, माईक जरा लांब सरकवला. काकांनी माझ्याकडे न बघता 'थांबा'ची सुरुवात केली. ड्रम, बेस, गिटार. सुरुवातीचा तुकडा चार वेळा फिरतो आणि मग गायकाने आत शिरायचं. फिरला. मी शिरले नाही. मामांनी भुवया उंचावल्या. पुन्हा फिरला. अण्णा घाबरून स्वतःच्या माईककडे बघू लागले, आता आपल्याला उचलावं लागणार म्हणून. मंडपवाला, इथला वेगळा होता तरी, पायरीवर एक पाय ठेवून तयार. तिसऱ्यांदा फिरला. समोर नातवाशेजारची खुर्ची रिकामी होती. लोकांना हा खेळच वाटला असावा, ते टाळ्यांचा ठेका धरायला लागले, आणि त्या ठेक्यात माझे पाय आपोआप हलत होते, मिशी हलत होती, आणि मला कळलं की मला भीती वाटतेय आणि तरी मी दात काढून हसतेय.

गिटार वाजवता वाजवता काका सरकत माझ्याजवळ आले. चेहरा काळजीने एवढासा. माझ्या कानाशी लागून त्यांनी विचारलं, पण कान आणि माईक शेजारी असल्यामुळे ते कारखान्याच्या चिमणीपर्यंत गेलं:

"काय झालं बाळ? थांबायचं का?"

मी माईक त्यांच्याकडे वळवला नाही. लोकांकडेही नाही. स्वतःच्या तोंडाशी धरला.

"थांबायचं नाही, काका. काळी चार घ्या. काळी एक मला नाही चालत, आणि अण्णांना भेळ खायला जाऊ द्या."